डोलकाठीवरचा माणूस

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, सोफ्याच्या मागे सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. शनिवारी बाबा त्याचा दांडा फिरवायचे आणि ओल्या शाईचे कागद मी गालिच्यावर वाळत घालायची. माझ्या वयाच्या इतर मराठी मुली रविवारी कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन कमळ, गवत, घर गिरवत होत्या. मी शिकलेला पहिला मराठी शब्द होता ‘बंधूंनो’ आणि दुसरा ‘भगिनींनो’. ‘ओव्हरटाइम’ हा शब्द मराठी नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा मुंबईत गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. इंग्लंडला आल्यावर ते मोटारींच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. पण हातातला छापखाना काही सुटला नाही. पगारात भेदभाव झाला, काढा पत्रक. कँटीनमध्ये कुणी कुणाला शिवी दिली, काढा पत्रक. पत्रक इंग्रजीत असलं तरी शेवटची एक ओळ ते मराठीत लिहायचे. कारखान्याच्या गेटवर ती वाचू शकणारा त्यांच्याशिवाय बहुतेक कुणीच नसायचा. आई विचारायची, ही ओळ कुणासाठी? बाबा म्हणायचे, आम्ही इथं आहोत एवढं कळण्यासाठी.

अशा घरात वाढलेल्या मुलीचं जे व्हायचं तेच माझं झालं. मला सगळीकडे अन्याय दिसायचा आणि बहुतेक वेळा तो खरोखर असायचा. मी कॉलेज संपवून कौन्सिलच्या लायब्ररीत टेम्पररी नोकरी करत होते. नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. इराकवर युद्ध नको म्हणून आम्ही बापलेक लंडनच्या रस्त्यांवरून थंडीत चालून आलो होतो, आणि युद्ध झालंच होतं.

त्याच सुमारास बाबांच्या नजरेचा मधला भाग जायला लागला. आंधळेपण म्हणजे काळोख, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्यांना त्याचे कान दिसायचे, केस दिसायचे, शर्टाची कॉलर दिसायची, आणि मध्ये जिथं चेहरा असायला हवा तिथं एक करडा डाग. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही हळूहळू जाईल. भरपूर उजेड असेल तर तोवर थोडी मदत होईल. बाबांनी एक मोठा टेबल लॅम्प आणला. काही बघायचं असेल तर ते कोंबडीसारखी मान तिरकी करायचे, म्हणजे नजरेची कड कामाला यायची. आई त्यांना चिडवायची, “अहो, माझ्याकडे बघताय की शेजारणीकडे?” ते म्हणायचे, शेजारीण बरी दिसतेय.

चेहरा हा आमच्या घरातला जुना विषय होता. बाबांना आपल्या वडिलांचा चेहरा माहीत नव्हता. माझे आजोबा खलाशी होते. रत्नागिरीकडच्या एका खाडीवरच्या गावातून ते मुंबई बंदरात आले आणि इंग्रज कंपनीच्या जहाजावर चढले. दुसऱ्या मोठ्या युद्धात ते जहाज बुडालं तेव्हा बाबा आईच्या कडेवर होते. फोटो एकही नाही. खलाशाचा फोटो कोण काढणार? बाबांनी आजीला विचारलं की ती म्हणायची, तुझ्यासारखाच होता. पण बाबांचं म्हणणं, ती तसं त्यांच्या भावालाही सांगायची आणि ते दोघं एकमेकांसारखे अजिबात नव्हते.

लंडनमध्ये नदीकाठी बुडालेल्या खलाशांचं एक स्मारक आहे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात बाबा तिथं गेले आणि भिंतीवरची नावं वाचत फिरले. आपल्याकडच्या माणसांची नावं काही त्यांना सापडली नाहीत. त्यानंतर त्यांनी पहिलं पत्रक लिहिलं, असं आई सांगते. ते पत्रक मी पाहिलेलं नाही.

एका रविवारी वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीत मला एक चित्र दिसलं. लंडनमधल्या एका मोठ्या संग्रहालयात जपानी घडीचे पडदे आले होते. खोलीत आडोशाला उभे करतात तसे, सहा-सहा फळ्यांचे, कागदावर सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले, चारशे वर्षांपूर्वीचे. पोर्तुगीज व्यापारी पहिल्यांदा जपानच्या बंदरात उतरले, त्याची ती चित्रं. जपानी लोक त्यांना दक्षिणेकडून आलेले रानटी म्हणायचे, हे वाचून मला फार आनंद झाला. फुगीर विजारी घातलेले लांब नाकांचे युरोपियन किनाऱ्यावरून मिरवत चालले आहेत, त्यांच्या मागे काळ्या-सावळ्या रंगाची माणसं छत्र्या धरून, पेट्या उचलून, पिंजरे घेऊन चालली आहेत. एका बाजूला काळं जहाज उभं आहे आणि त्याच्या डोलकाठ्यांवर, दोरांवर आणखी सावळी माणसं लटकलेली आहेत. चित्राखाली लिहिलं होतं, व्यापारी आणि त्यांचे नोकर.

तो एक शब्द मला पुरला. मी पुरवणी घेऊन बाबांच्या टेबलाशी गेले आणि सुरू झाले. नोकर म्हणे. त्या काळी बंदराबंदरांत माणसं विकत घेत होते, आणि हे म्हणतात नोकर. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बाकी कशात त्यांना रस असावा असं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “जहाज कुठून सुटायचं?”

मी वाचून सांगितलं, गोव्याहून. मग मलाक्का, मग मकाव, मग जपान.

“गोव्याहून,” ते म्हणाले. “मग खलाशी कुठले असणार?”

त्यांनी टेबल लॅम्प ओढला, छापखान्यातलं जुनं भिंग काढलं आणि मान तिरकी करून चित्रावर वाकले. डोलकाठीवरच्या एका माणसावर त्यांनी भिंग आणलं. बराच वेळ ते हलले नाहीत. मग भिंग मला दिलं. मी पाहिलं तर तिथं माणूस नव्हताच. लाल, निळे, पिवळे, काळे ठिपके होते. छापलेलं चित्र मोठं करत गेलं की शेवटी ठिपकेच उरतात, हे त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं.

“यात नाही तो,” ते म्हणाले. “खऱ्यात असेल. मला तो बघायचाय, बाय. डोळे आहेत तोवर.”

लहानपणापासून ते मला बाय म्हणायचे, त्यांच्या गावची पद्धत. पण त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच. तो माणूस आपल्या बापासारखा दिसत असेल अशी त्यांची वेडी समजूत नव्हती. त्यांना फक्त आपल्या किनाऱ्यावरून जहाजावर चढलेला, कुणीतरी चेहऱ्यासकट काढून ठेवलेला एक माणूस बघायचा होता. तेवढा एकच सापडला होता, आणि प्रदर्शन संपलं की तो परत जाणार होता.

पुढच्याच शनिवारी आम्ही गेलो. इल्फर्डहून ट्रेन, मग भुयारी ट्यूब. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडदे ज्या दालनात होते तिथं शिरलो आणि मला वाटलं, वीज गेली. भिंती काळ्या, दिवे अगदी मंद, आणि त्या अंधुक उजेडात माणसांची दाटी. पडदे काचेमागे होते. मला डोळे सरावल्यावर हळूहळू जहाज दिसलं, माणसं दिसली. बाबा काचेपाशी मान तिरकी करून उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. मागून एक बाई ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाली, मग आणखी कुणीतरी. दारावरच्या माणसाला वाटलं, हे गृहस्थ हरवलेत. त्यानं अदबीनं त्यांना टॉयलेट कुठं आहे ते सांगितलं.

बाबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “इथं दिवे लावत नाहीत का?”

त्यांना सोनं दिसत होतं. बाकी काही नाही. घरी येताना ट्रेनमध्ये ते एवढंच म्हणाले, की सोनं तेवढं चांगलं दिसतं, अंधारातही. मला रडू येत होतं, आणि माझं रडू नेहमीच रागाच्या वाटेनं बाहेर पडतं. मी त्याच संध्याकाळी संग्रहालयाला लिहिलं. उत्तर आलं, नम्र आणि गुळगुळीत. कागद आणि रंग नाजूक आहेत, पडदे परदेशातून उसने आणलेले आहेत, उजेडाची मर्यादा पाळावी लागते, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मग मी पत्रक काढलं. सायक्लोस्टाइल कधीच भंगारात गेलं होतं, लायब्ररीतल्या फोटोकॉपीच्या मशीनवर काढलं. वर ठळक अक्षरात लिहिलं, उजेड कुणासाठी? ज्यांचे डोळे तरुण आणि धडधाकट आहेत त्यांच्यासाठीच जगातल्या सुंदर वस्तू आहेत का? ज्यांच्या पूर्वजांनी ती जहाजं चालवली त्यांच्या म्हाताऱ्या मुलांनी काळोखात उभं राहायचं का? अशी दोन पानं. छापायच्या आधी बाबांना दाखवलं. त्यांनी लॅम्पखाली भिंग धरून, एकेक शब्द कडेनं गाठत, सगळं वाचलं. चार ओळींना त्यांना केवढा वेळ लागत होता ते मी पाहत होते.

“दुसरा परिच्छेद काढ,” ते म्हणाले. “त्यात तू नुसती चिडलीयेस. सांगितलं काहीच नाहीस.”

मी काढला. शेवटची ओळ मराठीत घातली.

त्या शनिवारी मी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर पत्रकं वाटली. लोकांनी हसून घेतली, थँक यू म्हणाले आणि पुढच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. इंग्लंडमध्ये पत्रक वाटणाऱ्याला कुणी दुखवत नाही, त्यामुळे फार दुखतं. सिक्युरिटीवाल्यानं मला पायऱ्यांवरून खाली फूटपाथवर जायला सांगितलं. दुपारनंतर आतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई कोट न घालताच बाहेर आली. तिनं पत्रक मागितलं, तिथंच थंडीत उभी राहिली आणि दोन्ही पानं वाचली. दिवसभरात पूर्ण वाचणारी ती पहिली. मग तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, आम्हीही इथं आहोत.

कागदावरच्या चित्रांची निगा राखणं हे तिचं काम होतं. मी भांडायच्या तयारीत होते. ती भांडली नाही. तिनं सांगितलं की उजेड रंगाला खातो. थोडा असेल तर थोडा, जास्त असेल तर जास्त, पण खातोच, आणि खाल्लेलं परत मिळत नाही. कागदाला विश्रांती दिली तरी झालेलं नुकसान भरून येत नाही, फक्त पुढचं लांबतं. म्हणून हे पडदे थोडे आठवडे बाहेर ठेवतात आणि मग वर्षानुवर्षं पेटीत, काळोखात. मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे वर्षानुवर्षं नाहीत. ती म्हणाली, ते मला वाचून कळलं.

गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल, हे मी आधी एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. आता तेच ऐकताना माझ्याकडे कुणावर चिडायला उरलं नाही. ती भावना मला नवी होती आणि मला ती आवडली नाही.

शेवटी तिनंच मार्ग काढला. संग्रहालय उघडायच्या आधी ती काच बाजूला करून छोट्या बॅटरीच्या उजेडात पडदे तपासायची, कुठं रंग सुटतोय का, कुठं भेग वाढतेय का. दर वेळी थोडा थोडा भाग. ती म्हणाली, तुमच्या वडिलांना घेऊन या. जो भाग त्यांना बघायचाय तो मी त्यांच्यासमोर तपासेन. मात्र एकच भाग, आणि थोडाच वेळ.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या दारानं आत गेलो. रिकाम्या दालनात आमच्या बुटांचे आवाज येत होते. तिनं बाबांसाठी खुर्ची ठेवली होती. कुठला भाग, असं तिनं विचारलं. मी काही सांगायच्या आधीच बाबा इंग्रजीत म्हणाले, मधली डोलकाठी, सर्वांत वरचा खलाशी. कप्तान नको, मिरवणूक नको. तिनं काच सरकवली. इतक्या जवळून त्या पडद्याला जुन्या लाकडी कपाटासारखा वास येत होता. तिनं बॅटरी लावली आणि तो छोटा गोल उजेड डोलकाठीवर नेला.

सोनं पेटलं. दुसरा शब्द नाही. चित्रकारानं माणसांच्या भोवती सगळीकडे सोन्याचे ढग घातलेले होते, आणि बॅटरीचा उजेड पडताच तो वर्ख असा झळाळला की मीही डोळे बारीक केले. बाबांनी हात डोळ्यांवर घेतला. तिनं बॅटरी तिरकी केली, खालून धरली, दुरून धरली. बाबांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. खुर्ची पुढे घेतली. प्रत्येक वेळी सोनं तो उजेड त्यांच्या डोळ्यांत परत फेकत होतं. ज्या उजेडासाठी मी पायऱ्यांवर उभी राहिले होते त्यानंच ते जास्त आंधळे झाले होते.

“पुरे,” ते तिला म्हणाले. “त्याला त्रास नका देऊ.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू सांग.”

मी सांगायला लागले. मी म्हणाले, बाबा, हा एक गुलाम आहे, आपल्या किनाऱ्यावरून पकडून नेलेला, साम्राज्याच्या जहाजावर राबणारा, ज्याच्या घामावर खालचे व्यापारी...

“पत्रक नको,” बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. “पत्रक मला येतं. तिथं काय आहे ते सांग.”

मी त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं. पुरवणीत पाहिला तेव्हापासून मी त्याच्याबद्दल बोलत होते. बाईनं बॅटरी अगदी मंद करून धरली आणि मी काचेच्या जागी नाक नेलं.

मी सांगितलं, की माणूस माझ्या हाताच्या पंजाएवढा आहे. रंग राखाडीकडे झुकणारा काळा. गुडघ्यापर्यंत विजार, तिच्यावर पट्टे, पट्टे एके काळी लाल असावेत. कमरेला काहीतरी बांधलंय. तो एका दोरावर आहे, बाकीच्यांपेक्षा वर, त्याच्यावर फक्त ढग आहे.

“चेहरा?”

चेहरा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. लांब नाक. डोळ्यांच्या दोन रेघा. तोंड मिटलेलं. मी खाली कप्तानाकडे पाहिलं, मग छत्री धरणाऱ्याकडे, मग जहाजाच्या काठावर बसलेल्या एकाकडे. मला खोटं बोलता आलं असतं. तसा विचारही आला. पण ज्या माणसानं मला खोटं छापायचं नाही हे शिकवलं तो शेजारी बसला होता.

“बाबा, सगळ्यांना एकच चेहरा आहे. कप्तानाचा आणि याचा रंग वेगळा आहे. चेहरा तोच.”

त्यांनी इंग्रजीत त्या बाईला विचारलं, असं का? ती म्हणाली, या चित्रांतले पुष्कळ चित्रकार बंदरावर कधी गेलेच नव्हते. एकानं पाहून काढलं, बाकीच्यांनी त्याचं पाहून काढलं. मागणी खूप होती.

बाबांचे हात गुडघ्यांवर होते. ते हललेही नाहीत. माझ्या आयुष्यात मी त्यांना संपात हरताना पाहिलं होतं, नोकरी जाता जाता वाचताना पाहिलं होतं. असे बसलेले पाहिले नव्हते.

“म्हणजे याला कुणी बघितलंच नाही,” ते म्हणाले.

मग बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “पाय? पाय कसे आहेत?”

मी पाय पाहिले, आणि पुन्हा पाहिले. पाय वेगळे होते. तळपाय दिसत होते, दोन्ही, अंगापेक्षा फिकट रंगाचे. बोटं फाकलेली, आणि अंगठा बाजूला काढून दोर त्यात धरलेला. कप्तानाच्या पायात बूट होते, काळे, सपाट, नुसते रंगवून टाकलेले. पण या तळपायांना घाट होता, टाच होती, मधला खळगा होता. मी हे सगळं सांगितलं. म्हणाले, हे मात्र कुणीतरी बघून काढलंय, निदान पहिल्यानं तरी.

“धक्क्यावर उभं राहून वर बघितलं की तेवढंच दिसतं,” बाबा म्हणाले. “माणूस वर गेला की त्याचे तळपायच दिसतात.” आणि मग, “टाचेला भेगा आहेत?”

बाईला मी उजेड किंचित वाढवायला सांगितलं. टाचेवर बारीक रेघा होत्या. पण तशा रेघा सोन्यावरही होत्या, समुद्रावरही होत्या. चारशे वर्षं घडी घालून आणि उलगडून सगळाच कागद तडकला होता.

“भेगा आहेत,” मी म्हटलं. “पण त्या टाचेच्या की कागदाच्या, ते मला कळत नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. “असू दे.”

बाईनं बॅटरी बंद केली. बाबांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले, आणि जिथं तिचा चेहरा असावा त्याच्या जरा बाजूला बघत हसले. बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. ट्यूबमध्ये त्यांनी माझा दंड धरला होता. तोवर ते कधी धरत नव्हते.

आईनं दार उघडताच विचारलं, “दिसलं का हो?”

“हिला दिसलं,” बाबा म्हणाले, आणि बूट काढायला वाकले.

त्या वर्षाअखेर उरलेली नजरही गेली. कडेनं थोडं हलणारं काही कळायचं, खिडकी कुठं आहे ते कळायचं. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची आणि मध्येच माझं मत घुसडलं की ते बोट वर करायचे. मग हृदयाचं दुखणं सुरू झालं आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या. पडद्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. ते पडदे त्यांच्या देशात, त्यांच्या पेटीत परत गेले होते.

शेवटच्या वेळी ते वॉर्डमध्ये होते तेव्हा एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. आई चहा आणायला खाली गेली होती. मला वाटलं, ते झोपलेत.

“बाय,” ते म्हणाले. “तो वर चढत होता की खाली उतरत होता?”

कोण, असं मी विचारलं नाही. मी डोळे मिटले आणि आठवायला लागले. विजारीचे पट्टे आठवले. कमरेचा कपडा, नाकाची रेघ, अंगठ्यात धरलेला दोर. ते वाट बघत होते, मी अजून त्या पडद्यासमोरच उभी आहे अशा धीरानं.

“माहीत नाही, बाबा.”

“तू सगळं नीट सांगितलंस,” ते म्हणाले. “मीच विचारायला हवं होतं.”

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी त्यांचा हात धरून पुन्हा त्या दोरावर जायचा प्रयत्न करत राहिले. पाय स्पष्ट दिसत होते. हात कुठं होते, वरच्या दोराला की खालच्या, ते काही केल्या दिसेना.